आधी सियामीचं शेत

थिंगफाल गावाच्या वरच्या अंगाला एक सपाट काळा खडक होता. दिवेलागणीला गावचा दवंडीवाला झिका त्या खडकावर उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवसाचं काम ओरडून सांगायचा. कुणाचं घर शाकारायचंय, कुणाच्या मयतासाठी खड्डा खणायचाय, पाणवठ्याची वाट कुणी साफ करायचीय. त्याचं सांगून झालं की चुलीपाशी बसल्या बसल्याच घराघरांतून लोक ‘ऐकलं’ म्हणून साद द्यायचे. एकदा ऐकलं म्हटलं की काम टाळायचं नाही. टाळलं असं दोखामाच्या आठवणीत तरी कुणी नव्हतं.

दोखामाला आठवणारी अगदी पहिली दवंडी त्याच्या स्वतःच्या घराची होती. तो तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. झिकाचा बाप तेव्हा दवंडी द्यायचा. ‘उद्या आधी विधवेचं शेत,’ असं तो ओरडला आणि दोखामाच्या आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढून, मान खाली घालून, हळूच ‘ऐकलं’ म्हटलं. दोखामाचा बाप मागल्या बांबूच्या दुष्काळात गेला होता. दर अठ्ठेचाळीस-पन्नास वर्षांनी या डोंगरांतला बांबू एकदम फुलतो, त्याची फळं खाऊन उंदीर माजतात आणि फळं संपली की भातावर येतात. त्या उंदरांच्या वर्षात बाप गेला आणि मागं ही दोघं उरली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वीस-पंचवीस तरण्या पोरांनी त्यांचं शेत कापलं, झोडलं, पाठीवरच्या पाट्यांतून धान्य घरी आणून ओतलं आणि नुसता लाल चहा पिऊन ती पोरं गेली. त्यांची स्वतःची शेतं तेव्हा उभीच होती. विधवेचं शेत आधी, मग बाकीच्यांचं, ही गावाची रीत.

आई रोज दोन्ही वेळा तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून चुलीशेजारच्या छोट्या टोपलीत टाकायची. शनिवारी मंडळीच्या बायका पोतं घेऊन यायच्या आणि घराघरातल्या मुठी चर्चसाठी घेऊन जायच्या. आईची मूठ लहान होती, पण गच्च असायची. तांदूळ नसेल तेव्हा ती रानकंदाचा तुकडा टाकायची. एकदा दोखामानं विचारलं होतं, “आई, देवाला कंद आवडतो?”

“विचारून बघ त्याला,” आई म्हणाली. “मला तर आवडत नाही.”

मग ती डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना करायची. तिची प्रार्थना एका शब्दाची होती. ‘दिलंस,’ एवढंच ती म्हणायची आणि ताटलीला हात लावायची. दोखामाही तेच म्हणायला शिकला.

पुढं दोखामा मोठा झाला, अंगानं दांडगा निघाला. त्याच्या पाटीत दोघांचं ओझं मावायचं. चॉंगीशी लग्न झालं, दोन मुलगे झाले, ते फौजेत लागले. मुलांच्या पगाराचा आधार झाला तसं दोखामा शेजारच्या गावातनं माणसं आणून मोठमोठे उतार साफ करायला लागला. जंगल तोडायचं, जाळायचं, राखेत भात पेरायचं, एक पीक घेऊन तो डोंगर सोडून द्यायचा, ही शेती सगळ्यांचीच. पण दोखामाची नजर चांगली होती. कुठल्या उताराची माती काळी, कुठं पाणी थांबतं, ते त्याला लांबून कळायचं. पन्नाशीला येईस्तोवर थिंगफालमध्ये त्याच्याएवढं धान्य कुणाच्या घरात नव्हतं. लोक त्याला पु दोखामा म्हणायला लागले. वडीलधाऱ्याला पु म्हणतात, तसं ते होतंच, पण दोखामाला त्या ‘पु’मध्ये थोडं जास्त ऐकू यायचं.

त्याच्या प्रार्थनेतही हळूहळू भर पडत गेली. आधी ‘दिलंस’ एवढंच होतं. मग ‘आम्ही राबलो आणि तू दिलंस’ झालं. मग डुकरं किती, कोंबड्या किती, कोठारात धान्य कुठवर आलंय, हेही तो देवाला सांगायला लागला. चॉंगी एक डोळा उघडून भाताच्या वाफेकडे बघत बसायची.

“आवरा आता,” ती एकदा म्हणाली. “भात थंड झाला. देवानं दिला तेव्हा गरम होता.”

दोखामा हसला. तो वाईट माणूस नव्हता. पाहुण्याला घरी जेवू घालायचा, आजाऱ्याला पाठीवर घालून दोन दिवसांच्या वाटेवरच्या दवाखान्यात न्यायचा. चॉंगीची तांदळाची मूठ तर कधी चुकली नाही. मात्र आता टोपली मोठी होती आणि शनिवारी बायका तिच्या दारात आल्या की दोखामा मुद्दाम बाहेर येऊन उभा राहायचा.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली बांबू फुलला. म्हातारे माना हलवत राहिले. त्या वर्षी काही झालं नाही, फळं मात्र ढिगानं पडली. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर झाला आणि दोखामाच्या उतारावर असं पीक आलं, की बघायला बाहेरगावची माणसं येऊन गेली. कणसं ओझ्यानं वाकलेली, खालपासून वरपर्यंत एकसारखी पिवळी. दोखामा शेतातल्या माचीवर बसून तासनतास बघत राहायचा.

चर्चचं छप्पर तेव्हा गवती होतं आणि गळत होतं. पावसाळ्यात उपासनेच्या वेळी बायका पोरांना घेऊन कोरड्या कोपऱ्यात सरकायच्या. भादव्यातल्या एका रविवारी दोखामा उभा राहिला आणि भरल्या मंडळीसमोर बोलला, की या वर्षी देवानं मला उदंड दिलंय, आभाराच्या रविवारी मी शंभर डबे भात चर्चच्या पत्र्यांसाठी देईन. रॉकेलच्या रिकाम्या डब्यानं मोजून शंभर. तेवढ्यावर सगळं छप्पर होणार होतं. मंडळीत एकदम गुणगुण झाली. मंडळीच्या कारभारी वडिलांना उपा म्हणतात, त्यांच्यातले सगळ्यांत म्हातारे उपा हांगा, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाताना दोखामाला रस्ता नेहमीपेक्षा रुंद वाटला.

पीक पिकत आलं आणि बातमी आली. नदीपलीकडच्या तीन गावांत उंदीर आले होते. येतात ते रात्री, पाण्याच्या लोंढ्यासारखे, आणि सकाळी शेतात काही राहत नाही. अजून ते नदी उतरले नव्हते. थिंगफालच्या पंचांनी बसून ठरवलं, की सुटं सुटं कापत बसायचं नाही. गावातली सगळी तरणी माणसं एकत्र जातील, एकेक शेत उरकतील. पहिलं शेत सियामीचं, मंगळवारी. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. सियामीचा नवरा दोन वर्षांपूर्वी झाडावरून पडून गेला होता. घरात ती आणि आठ वर्षांची रेमी. सियामीचं शेत लहान होतं, पश्चिमेच्या उतारावर, गावापासून दोन तास. तीसेक डबे भात होईल एवढं. दोखामाचं शेत पूर्वेला, तेही दोन तास. दोन्हीकडं एका दिवसात जाणं व्हायचं नाही.

सोमवारी दुपारी दोखामा घरात येरझाऱ्या घालत होता. रविवारी आभाराचा दिवस. शंभर डबे त्याआधी गावात यायला हवेत. त्याचं शेत गावानं गुरुवारी, शुक्रवारी धरलं होतं. त्याआधी उंदीर आले तर? सगळ्या गावासमोर दिलेला शब्द. देवाला दिलेला शब्द.

चॉंगी तांदूळ पाखडत होती. “कुठं निघालात?”

“उपा हांगांकडं. मंगळवार-बुधवार आपलं शेत उरकून घेतो म्हणतो.”

“उद्या सियामीचं ठरलंय ना?”

“अर्ध्या दिवसाचं काम तिचं. ते कधीही होईल. आधी देवाचं.”

“देवाचं की दोखामाचं?” चॉंगी म्हणाली.

“तंबाखूचं पाणी तोंडात धरून धरून जीभ कडू झालीय तुझी,” असं म्हणून तो बाहेर पडला.

उपा हांगांनी ऐकून घेतलं. ते बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, की विधवेचं शेत मागं ठेवायची रीत नाही, पण शंभर डबे मंडळीचे आहेत, ते उंदरांच्या तोंडी गेले तर आपल्यालाच बोल लागेल. दोखामानं विचारलं, सियामीला मी सांगू का? हांगा म्हणाले, नको, झिका दवंडीत सांगेलच. दोखामाला बरंच वाटलं. सियामीच्या दारात जाऊन उभं राहायची त्याची तयारी नव्हती आणि आपली तयारी का नाही, याचा विचार त्यानं केला नाही.

दिवेलागणीला झिका खडकावर चढला. “उद्या आणि परवा पु दोखामाच्या शेतावर. धान्य देवाचं आहे. सियामीचं शेत गुरुवारी.”

गावातून सादा आल्या. ऐकलं. ऐकलं. दोखामा ओट्यावर उभा राहून कान देत होता. सियामीचं घर त्याच्या घराखाली तिसरं. त्या बाजूनंही साद आली, पण ती शेजाऱ्यांची होती की तिची, ते त्याला कळलं नाही.

मंगळवारी चाळीसावर माणसं आली. कापणी म्हटलं की पोरं-पोरींना ऊत येतो. एकानं दुसऱ्याच्या पाटीत गुपचूप दगड घातला, तो चढ चढून वर आल्यावर त्याला कळलं, मग हशा. “पु दोखामा, शंभर देवाला, आम्हाला काय?” एकानं विचारलं. “तुम्हाला पुण्य,” दोखामा म्हणाला. “ते चहात घालून देणार का?” पोरगं म्हणालं. दोखामानं त्या दिवशी एक डुक्कर मारलं. सगळे जेवले. सगळ्यांत मोठ्यानं प्रार्थना त्यानं केली.

सियामीही आली होती. गावाचं काम म्हणजे सगळ्यांचं काम. तिच्याबरोबर रेमी होती, छोटी पाटी घेऊन. सियामी दोन दिवसांत गावापर्यंत तीन खेपा करून गेली, कपाळावर पाटीची पट्टी, मान पुढं, वाटेत कुणाशी बोलणं नाही. ती तशीही कमी बोलायची. दोखामानं तिला दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा तो काही तरी बोलणार होता, उद्या तुझंच शेत, असं काही तरी. तेवढ्यात कुणी तरी त्याला डबे मोजायला हाक मारली.

बुधवारी सूर्य मावळताना शेवटची पाटी दोखामाच्या कोठारात रिकामी झाली. शंभर डबे चर्चच्या ओट्यावर रचून झाले होते, तरी त्याच्या घरात वर्षभराचं उरलं होतं. गुरुवारी सकाळी तरणी माणसं सियामीबरोबर पश्चिमेच्या उतारावर गेली. दोखामाही गेला. आपल्या शेतावर सगळे आले, आपण मागं राहणं बरं दिसणार नाही.

खिंड ओलांडली आणि पुढं चालणारा पोरगा थांबला. मागचे त्याच्यापाशी येऊन थांबले. उतारावर रंगच नव्हता. भाताचे बुडखे तेवढे उभे होते, वीतभर उंचीचे, कातरल्यासारखे. वरचं सगळं खाली पडून भुस्सा झालेलं. माचीपाशी भोपळ्याचा वेल होता, त्याचे भोपळे आतून पोखरून नुसत्या साली राहिल्या होत्या. जमिनीवर काळ्या लेंड्यांचा थर आणि वास. एक उंदीर, बहुधा पोट फुटून मेलेला, वाटेत आडवा पडला होता. रात्री ते नदी उतरले आणि त्यांच्या वाटेत पहिलं हेच शेत आलं.

सियामी शेतात उतरली आणि पार खालपर्यंत जाऊन आली. कुठं तरी एखादा तुकडा राहिला असेल म्हणून बघत असावी. परत आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. तिनं विळा पाटीत टाकला, पोरांना म्हणाली, “तुमची उगाच खेप झाली,” आणि रेमीचा हात धरून वाटेला लागली.

पुढल्या चार रात्रींत गावातली आणखी निम्मी शेतं गेली. पण ती कुणामुळं गेली असं म्हणता येत नव्हतं.

रविवारी आभाराची उपासना झाली. शंभर डब्यांसमोर उपा हांगांनी दोखामाचं नाव घेतलं, लोकांनी माना डोलावल्या. मग रीतीप्रमाणं प्रत्येक घरानं आपल्या शेताचं पहिलं फळ पुढं आणून ठेवलं. आलं, मका, मिरच्या, भाताची पेंडी, ज्याचं जे उरलं ते. सियामी उठली. पेरणीपासून पहिल्यांदा पिकलेली कणसं तिनं आधीच खुडून, बांधून घरात आढ्याला टांगून ठेवली होती, याच दिवसासाठी. तेवढीच तिच्या शेताची खूण शिल्लक होती. ती एक पेंडी तिनं दोखामाच्या डब्यांशेजारी ठेवली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

पहिल्या फळांची चर्चमध्ये बोली होते आणि पैसा मंडळीला जातो. सियामीची पेंडी पुढं आली तेव्हा दोखामानं एकदम वीस रुपये म्हटलं. त्या वेळी वीस रुपये म्हणजे डुकराचं मोठं पिल्लू. लोकांनी वळून बघितलं. त्यावर दुसऱ्या कुणी बोली लावली नाही. पेंडी त्याच्या हातात आली आणि त्याला भलत्या वेळी सुचलं, की हे वीस रुपये सियामीला मिळणार नाहीत. चर्चला मिळाले. पेंडी त्याला मिळाली. सियामीला काय मिळालं?

उपासना संपल्यावर तो उपा हांगांपाशी गेला आणि म्हणाला, की शंभरातले तीस डबे सियामीला देऊ या. पत्र्यांच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं, खेचरं उद्या निघणार होती. “देवाला दिलेलं परत कसं मागायचं, पु दोखामा?” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

घरच्या धान्यातले दहा डबे दोखामानं सियामीकडं पोचवले. चॉंगी आणखी पाच घेऊन गेली. सियामीनं दारात घेतले, बसायला सांगितलं, लाल चहा दिला. तिच्या चुलीशेजारची छोटी टोपली दोखामानं पाहिली. तिच्यात तळाला मूठभर तांदूळ होता.

पुढचं वर्ष कसं गेलं ते या डोंगरातल्या माणसांना सांगायला नको. उंदीर घरातल्या कोठारांतही शिरले. दोखामाचंही निम्मं धान्य पोखरलं गेलं. सरकारी तांदूळ येणार येणार म्हणत होते, तो आला तेव्हा चार पोती आला. फाल्गुनानंतर सगळं गाव रानकंद खणायला जायला लागलं. जवळचे कंद संपले, मग लांबचे. कंद नीट उकळला नाही तर घसा सुजतो, पोट जातं. पण सरपण तोडायला लांब जायची ताकद नव्हती, आणि भुकेलं माणूस किती वेळ उकळत बसणार? शनिवारी मुठी गोळा करायला बायका अजून फिरत होत्या. चॉंगी त्यांच्यात होती. एका शनिवारी ती घरी येऊन पोतं खाली ठेवून बसली. मग तिनं पोत्यातून कंदाचा एक लहानसा तुकडा काढून दोखामासमोर ठेवला.

“सियामीच्या टोपलीतला,” ती म्हणाली.

दोखामानं त्या तुकड्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी घरात उरलं होतं त्यातले दोन डबे पाठीवर घेऊन तो तिच्याकडं गेला. सियामी अंथरुणात होती. चार दिवस पोट जात होतं. जे काही घरात येत होतं ते ती रेमीला देत होती, आणि न उकळलेलं स्वतः खात होती, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. दोखामानं तिला पाठीवर घेतलं. दवाखान्याच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी सकाळी, एका ओढ्यापाशी, पाठीवरचं ओझं बदललं. ते जड झालं असंही नाही आणि हलकं झालं असंही नाही. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला, मग मागं वळला. सगळ्या वाटेत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

संध्याकाळी झिकानं खड्डा खणायची दवंडी दिली. ऐकलं, ऐकलं, असं गाव म्हणालं.

रेमी दोखामाच्या घरी आली. येताना तिनं एक पाटी, एक विळा आणि ती छोटी टोपली आणली.

छप्पर त्याच वर्षी झालं. चकचकीत पत्र्यांचं, दोन डोंगरांवरून दिसायचं. पाऊस पडला की पत्र्यांचा आवाज एवढा व्हायचा, की उपदेश ऐकू यायचा नाही. दोखामा कोरडा बसून तो आवाज ऐकत राहायचा. त्याला कुणी काही म्हणालं नाही. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. एकदा त्यानंच उपा हांगांकडं विषय काढला, तर म्हातारे म्हणाले, की देवाची इच्छा, शिवाय आपण सगळ्यांनीच ऐकलं म्हटलं होतं. ते खरं होतं आणि त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. कुणी तरी येऊन शिवी दिली असती तर तो निदान भांडला तरी असता. घरात त्याची प्रार्थना बंद झाली. जेवायला बसला की तो डोळे मिटायचा आणि काही न म्हणता उघडायचा. चॉंगी आता घाई करत नव्हती.

एक गोष्ट मात्र त्याला सोडत नव्हती. त्या सोमवारी दवंडी झाली तेव्हा सियामी काय म्हणाली असेल? ऐकलं म्हणाली असेल का? रेमीला विचारावं असं त्याला रोज वाटायचं. रेमी चुलीपाशी बसून तांदूळ धुण्याआधी मूठ काढायची. तिची मूठ आता त्याच्या आईच्या मुठीएवढी दिसायची. तो विचारायचा नाही.

दोन वर्षांनी पीक आलं. उंदीर कुठं गेले कुणाला ठाऊक नाही, आले तसे गेले. बांबूची नवी रोपं गुडघाभर झाली होती. सगळ्यांचंच भात चांगलं होतं, पण दोखामाचं पुन्हा सगळ्यांत चांगलं होतं. त्यानं उतार निवडताना मुद्दाम बरा नसलेला निवडला होता, तरी. माचीवर बसून त्या पिवळ्या उताराकडं बघताना त्याला भीती वाटली. दुष्काळात वाटली नव्हती तेवढी. उपा हांगा येऊन म्हणाले, की या वर्षी आभाराच्या उपासनेत तूच बोल, देवानं पुन्हा तुला दिलंय.

कापणी सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो वरच्या खडकापाशी गेला. झिका नुकताच चढत होता.

“आज मी सांगतो,” दोखामा म्हणाला.

“तुमचा आवाज पोचायचा नाही, पु. घसा लागतो त्याला.”

“पोचेल तेवढा पोचेल.”

झिका बाजूला झाला. दोखामा खडकावर चढला. खाली सगळं गाव होतं, धूर, कुत्री, चर्चचे पत्रे. पहिल्यांदा ओरडला तो आवाज फाटला आणि कुठल्या तरी घरात कुणी तरी हसलं.

मग तो पुन्हा ओरडला. “उद्या या गावात विधवेचं शेत आधी. थानी आजीचं. दोन वर्षांमागं सियामीचं शेत आधी होतं. मी माझं नाव आधी लावायला सांगितलं. देवाचं नाव पुढं करून सांगितलं. म्हणून तिचं शेत गेलं, आणि ती गेली. या वर्षी माझ्याकडं भरपूर आहे. माझं शेत सगळ्यांत शेवटी कापा. उरलं तर उरलं.”

तो थांबला. घराघरांतून काही आलं नाही. रोजच्या दवंडीला साद असते, या असल्या दवंडीला काय म्हणायचं, ते कुणाला माहीत नव्हतं. झिका पायांच्या बोटांकडं बघत होता. बऱ्याच वेळानं खालून एका बाईचा आवाज आला, “ऐकलं.” तो चॉंगीचा होता. मग अजून दोन-तीन आले, लांबून, हळू. बाकीची घरं गप्पच राहिली.

त्याचं शेत त्या वर्षी खरंच सगळ्यांत शेवटी कापलं गेलं. तोवर निम्मा दाणा गळून मातीत गेला होता आणि वर अवेळी पाऊस पडला. काळपट, वासाचा तांदूळ त्यांनी वर्षभर खाल्ला. आभाराच्या रविवारी तो बोलला नाही, आणि त्यानंतरही चर्चमध्ये कधी बोलला नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चॉंगी बाहेर लाकडं फोडत होती. विनाकारण, लाकडं भरपूर होती. आत रेमी एकटी चुलीपाशी होती. तिनं वर बघितलं नाही.

“बेसूर ओरडता तुम्ही,” ती म्हणाली.

दोखामा तिच्यासमोर बसला. “रेमी, त्या दिवशी दवंडी झाली तेव्हा तुझी आई ऐकलं म्हणाली का?”

रेमीनं तांदळाचं भांडं मांडीवर घेतलं. “म्हणाली नाही. मीच म्हणणार होते, तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. विळा घासून ठेवला होता तो तिनं परत आढ्यात खोचला.”

“काही बोलली नाही?”

“बोलली. म्हणाली, देवाला कधीपासून एवढी घाई व्हायला लागली?”

चूल धुमसत होती, ती त्यानं फुंकली नाही. बाहेर कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता.

रेमीनं भांड्यात हात घातला, मूठ भरली. छोटी टोपली चुलीच्या पलीकडं होती, दोखामाच्या बाजूला. “धरा जरा,” ती म्हणाली. त्यानं टोपली दोन्ही हातांत धरली. तांदूळ तिच्या मुठीतून आत पडला. मग तिनं भांडं त्याच्यापुढं केलं. त्यानं हात घातला, त्याच्या मोठ्या हातात खूप तांदूळ आला. त्यानं बोटं सैल करून थोडा परत सांडला, आणि उरला तेवढा टोपलीत टाकला.

भात झाला. चॉंगी आत आली. तिघं बसली. दोखामानं डोळे मिटले. दोघी वाट बघत राहिल्या.

“दिलंस,” तो म्हणाला, आणि पुढं काही तरी यायला बघत होतं ते येऊ दिलं नाही.

भात अजून गरम होता.